पांढऱ्या भिंती, काळा कोट

आमच्या इंदापुरात भिंतीला नुसता चुना मारून कुणी थांबत नसे. चुना म्हणजे निम्मं काम. त्यावर गुडघ्याएवढा गेरूचा पट्टा, पट्ट्यावर पिवळी रेघ, दाराशेजारी मोर नाहीतर हत्ती, वर देवाच्या तसबिरी, एवढं झालं की मग ते घर. माझ्या सासूबाई तर कोरी भिंत दिसली की अशा हळहळायच्या, जसं काही कुणी उपाशी बसलंय. आणि अशा गल्लीत, आमच्या घराला लागून, तात्यांचं घर होतं. तीन खोल्या, आणि तिन्ही पांढऱ्याफटक. पट्टा नाही, रेघ नाही, तसबीर नाही, भिंतीला साधी खुंटीसुद्धा नाही. दुपारी दार उघडं राहिलं तर रस्त्यानं जाणाऱ्याचे डोळे दिपायचे. घर कसलं, दवाखाना हाय, असं बायका म्हणायच्या. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला ह्या घराची एवढी टिंगल ऐकायला मिळाली, की त्या माणसांना बघण्याआधीच माझं त्यांच्याबद्दलचं मत होऊन गेलं होतं.

तात्या कचेरीत कारकून होते. मूळचे जळोचीचे. थोरले भाऊ आबा तिकडं पाटाच्या पाण्यावर ऊस लावून गुऱ्हाळ चालवायचे, आणि हे धाकटे चार बुकं शिकले म्हणून कचेरीला चिकटले. उंच, किडकिडीत, चालताना जमिनीकडं बघणारे. अंगात काळा अल्पाकाचा कोट. आता कचेरीतले सगळेच कारकून कोट घालायचे, त्यात काय नवल? नवल हे की तात्या घरी आल्यावरही तो काढत नसत. वैशाखात आमच्याकडं माणसं अंगावरची बंडीसुद्धा फेकून द्यायची, आणि हा गृहस्थ स्वतःच्या माजघरात वरपर्यंत गुंड्या लावून, घामानं निथळत बसलेला. मिठाचा सत्याग्रह होऊन गेलेला, गल्लीतली तरणी पोरं पांढरी टोपी घालून हिंडायची. ती मोठ्यानं म्हणायची, तात्या सरकारचे एवढे भक्त की घरातबी सरकारचा कोट उतरवत न्हायत. तात्यांच्या कानावर ते जायचं. ते मान आणखी खाली घालून निघून जायचे. मला तर चीड यायची. माणसानं इतकंही मुखदुर्बळ असू नये बाई.

खरं कारण मला पुढं कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, उगाच कोड्यात कशाला ठेवू? काकींना, म्हणजे तात्यांच्या बायकोला, दिसत नव्हतं. अगदीच अंधार नव्हता, पण नजर जवळजवळ गेली होती. पांढऱ्या भिंतीपुढं काही काळं हललं तर तेवढं सावलीसारखं कळायचं. म्हणून भिंती पांढऱ्या, आणि म्हणून कोट काळा. पुण्याच्या डॉक्टरनं हात टेकले होते. ही गोष्ट तात्यांनी सगळ्यांपासून लपवली होती, आणि सगळ्यात जास्त आबांपासून. कारण काकींना मूल नव्हतं. आबांनी मागं एकदा तात्यांसाठी दुसरं स्थळ आणलं होतं, पोरगी बघून ठेवली होती, आणि मग स्वतःच थांबले होते. पोर न्हाय तर न्हाय, बाई घर तरी झ्याक सांभाळती, असं म्हणून. घर सांभाळणारीला दिसत नाही एवढं त्यांना कळायचा अवकाश, की सवत दारात उभी. आणि काकींनी जायचं कुठं? त्यांचं सगळं माहेर मानमोडीच्या साथीत साफ झालेलं.

मला हे कळलं ते माझ्याच एका जुनेरामुळं. मी विरजण मागायला गेले होते. धुऊन धुऊन पांढरं पडलेलं लुगडं नेसले होते, आणि नव्या नवरीच्या रिवाजानं भिंतीला टेकून गप उभी राहिले. काकी चुलीवरचा तापलेला तवा घेऊन आल्या त्या सरळ माझ्या अंगावर. मी किंचाळले. त्यांच्या हातून तवा पडला, आणि त्या तिथंच मटकन खाली बसल्या. आदल्या दिवशी मी काळी चंद्रकळा नेसून गेले होते तर ह्याच बाईनं मला दुरूनच ये म्हणून हाक मारली होती. काकींनीच मग चाचपत माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सूनबाई, हितनं पुढं आवाज करत येत जा गं." बस, एवढंच. संध्याकाळी तात्या आमच्या परसदाराशी आले. जमिनीकडं बघतच म्हणाले की काकींनी सांगितलंय, आणि हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. माझ्या पोटात काही राहत नाही असं माझी आई म्हणायची. पण हे राहिलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही मी.

त्यानंतर मला त्या घरातली एकेक गोष्ट दिसायला लागली. मीठ काळ्या दगडी भांड्यात, मिरचीपूड पांढऱ्या चिनी बरणीत. जमीन सारवायच्या शेणात कोळशाची पूड कालवलेली, म्हणजे खाली काळं आणि भिंत पांढरी, त्यांच्यामधली कड स्पष्ट कळावी. काळ्या जमिनीवर उंबरा तेवढा पांढरा. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आणि ती मोडली तर हा मवाळ माणूस चक्क डाफरायचा. एकदा मी पाण्याचा तांब्या कडेला सरकवून ठेवला तर तात्यांनी डाफरतच तो उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मला जरा लागलंच ते. पण चूक माझी होती.

चुना मारायला ते गडी लावत नसत. सुट्टीच्या दिवशी स्वतः परातभर चुनकळी भिजवायचे, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. कोपरापर्यंत हात उललेले असायचे त्यांचे. एकदा परसातल्या भिंतीवरून मी बघितलं. खोली नुकतीच वाळली होती. काकी मधोमध पाटावर बसल्या होत्या, आणि तात्या कोट घालून भिंतीकडेनं हळूहळू चालत होते. थांबायचे आणि विचारायचे, आता कुठं हाय मी? काकी बोट दाखवायच्या. मग पुढं सरकायचे. आता? काकींनी पुन्हा बोट दाखवलं. मग तात्या चोरपावलांनी जाऊन कोनाड्याच्या आडोशाला लपले, आणि काकी म्हणाल्या, तितं लपून काय उपेग न्हाय, कोटाची शेपटी भाईर हाय. आणि तात्या हसले. मोठ्यानं, पोट धरून हसले. त्या माणसाला हसता येतं हे गल्लीत दुसऱ्या कुणाला माहीत असेलसं मला वाटत नाही.

पण बाकी त्यांचं जगणं फार एकटं होतं. कुणाला घरी बोलवायची सोय नाही. आलेला माणूस तांब्या हलवणार, पाट सरकवणार, बारीक बघणार. त्यामुळं ते कुणाला 'या' म्हणत नसत आणि मग हळूहळू त्यांनाही कुणी म्हणेना. बायका म्हणायच्या, एवढ्या पांढऱ्या घरात आमच्या पायाची माती पडंल ना. काकी हळदीकुंकवाला यायच्या त्या माझा पदर धरून, आणि घटकाभर बसून, डोकं दुखतंय असं सांगून परत. दिवाळीत सगळ्या गल्लीत ताटांची ये-जा चालायची. त्यांच्या दारातून एक ताट यायचं, आणि तेही तात्या स्वतः घेऊन यायचे. पुरुषमाणूस फराळाचं ताट घेऊन आला की सासूबाई तोंडाला पदर लावायच्या.

आबा वर्षातून एकदा यायचे, गुळाची ढेप घेऊन. ते आले की दोघांचं नाटक बघण्यासारखं असायचं. आबांचा पटका लालभडक, त्यामुळं भिंतीपुढं ते कुठं बसलेत हे काकींना कळायचं. तात्या त्यांच्याजवळ उभे राहून उगाच खोकायचे. काकी बरोबर त्या बाजूला पाणी घेऊन यायच्या, वाकून नमस्कार करायच्या, खाली नजर ठेवून बोलायच्या. आबा खूश. जाताना एवढंच म्हणायचे की घर लई टापटीप हाय, पर असं मसणावाणी पांढरं का ठेवता? आबा गाडीत बसले की काकी परसदारानं माझ्याकडं यायच्या आणि घामानं ओल्याचिंब होऊन माझ्या न्हाणीत बसून राहायच्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. वर्षभराची धास्ती एकदा टळली, एवढंच.

मग माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. मी तेव्हा बाळंतपणाला डाळजला, माहेरी होते. वऱ्हाड बारामतीहून यायचं होतं, आणि ते उतरवायला जानवशाची जागा हवी होती. सासूबाईंची नजर तात्यांच्या घरावर गेली. तात्या कचेरीच्या कामानं बारामतीला गेलेले. सासूबाई काकींना विचारायला गेल्या, आणि काकींनी होकार दिला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि त्यांच्यापाशी सांगण्याजोगं कारण नव्हतं. आणि मला वाटतं, त्यांना आनंदही झाला असेल. इतक्या वर्षांत त्या घराकडं कुणी काही मागितलं नव्हतं.

आता जानवसा म्हटला की तो सजवायलाच हवा. सासूबाईंना तर किती दिवसांची हौस. त्या खरंच चांगल्या मनानं गेल्या, हे मी कुणापुढंही सांगेन. म्हणाल्या, बाई आजारी असती, घराला कळा न्हाय, आपण करून देऊ. पाचसहा बायका जमल्या. गेरू, हळद, नीळ, काजळ. एका दुपारी तिन्ही खोल्या रंगवल्या. मोर, हत्ती, वेली, तुळशीवृंदावन. आणि माझ्या मावससासूबाईंचा हात तर फारच चांगला, त्यांनी आतल्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन सवाष्णी काढल्या. माणसाएवढ्या. लाल-हिरवी लुगडी, कमरेवर कळशी, नाकात नथ.

मी लग्नाच्या दिवशीच बाळाला घेऊन गाडीतून उतरले. आधी तात्यांच्या घरात पाऊल टाकलं. सगळीकडं रंग, सगळीकडं माणसं, पितळी भांड्यांचे ढीग, वळकट्या, पाट कुठले कुठं. काकी कोपऱ्यात भिंतीला हात लावून बसल्या होत्या. त्यांची बोटं गेरूनं लाल झाली होती. माझा आवाज ऐकला तशा हळूच म्हणाल्या, "सूनबाई, माझं घर कुठं गेलं गं?"

मी त्यांना उठवून आमच्याकडं नेणार, तोवर वाजंत्री दारात आली. वऱ्हाड पोचलं. आणि घरच्या सवाष्णीनं विहिणीला पहिलं कुंकू लावायचं, म्हणून सासूबाईंनी मानानं करंडा काकींच्या हातात दिला. माझ्या कडेवर पोर, मधे माणसांची ही गर्दी. मी पुढं होईपर्यंत काकी उठल्या होत्या. पदर नीट केला. चेहऱ्यावर हसू आणलं. या विहीणबाई, या, म्हणाल्या, आणि दोन पावलं पुढं जाऊन त्यांनी भिंतीवरच्या सवाष्णीला कुंकू लावलं.

बरोबर कपाळावर लावलं. विहीणबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. कुणीतरी फिसकन हसलं, चेष्टा वाटली त्यांना. काकींनी मग खणाची ओटी घेतली आणि पुढं केली, आणि त्यांच्या हाताला भिंत लागली. त्या तशाच थांबल्या. मी अजून विसरले नाही, करंडा त्यांनी कलंडू दिला नव्हता. मग सगळ्यांनाच उमगलं. बाहेर वाजंत्री वाजतच राहिली.

लग्न लागलं. पण विहीणबाईंनी मनात धरलं ते धरलंच. पहिलं कुंकू भिंतीला गेलं, हा अपशकुन, आणि आंधळी सवाष्ण पुढं करून आमचा अपमान केला, हे वर. माझ्या नणंदेला पुढं सासरी उठताबसता हेच ऐकावं लागलं. आणि सासूबाईंनी त्याचा सगळा राग काकींवर काढला. सांगितलं का न्हाय, म्हणून. सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं, मी बोललेही. पण लेकीच्या संसाराला नख लागलं की आईला कुणाचं काही ऐकू येत नाही.

तात्या दुसऱ्या दिवशी आले. वऱ्हाड गेलेलं. दारात उभे राहून त्यांनी भिंती बघितल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चुनकळी भिजत घातली. पण गेरू चुन्याखाली दबत नाही, गुलाबी होऊन वर येतो. त्यांनी चुन्याचे हातावर हात मारले, वाळू दिले, पुन्हा मारले. तरी उन्हं आत आली की भिंतीतून त्या दोघी सवाष्णी पुसट दिसायच्याच. काकींना आता त्या खोलीत कोट नीट कळत नाही, असं तात्यांनी मला सांगितलं. आणि आमच्या सासूबाईंना, मावससासूबाईंना ह्याचाही राग, आमची कला पुसली म्हणून.

बातमी जळोचीला पोचायला कितीसा वेळ लागतो? आबा आले. ह्या खेपेला गूळ नव्हता. ओट्यावरच बसले, आत गेले नाहीत. एवढी वर्षं सख्ख्या भावाशी खोटं बोललास, असं म्हणाले, आणि म्हणताना त्यांचेही डोळे भरले होते, ते काही दुष्ट नव्हते. मग म्हणाले की पोरगी बघितलीय, घरंदाज हाय, हिलाबी सांभाळंल. गल्लीतली सगळी दारं उघडी होती. आतून काकींचा आवाज आला, करा की, मी पडून ऱ्हाईन कोपऱ्यात. तात्या उठले. पहिल्यांदाच मी त्यांना समोर बघताना बघितलं.

"आबा, ही हाय तंवर ह्या घरात दुसरी बाई यायची न्हाय," ते म्हणाले. "आन् ही गेल्यावरबी यायची न्हाय."

आबा पटका सावरत उठले आणि गेले. जळोचीहून पुन्हा कुणी आलं नाही. लग्नाकार्याला नाही, दिवाळीला नाही. काकींची जागा वाचली, पण त्यासाठी तात्यांनी आपलं सगळं गोत गमावलं.

गल्लीनंही पाठ फिरवली. आंधळीला हळदीकुंकवाला कसं बोलवायचं, ह्या नावाखाली बोलावणं बंद झालं. सासूबाईंनी परसातला दरवाजा लावून घेतला. मी पोराला कडेवर मारून लांबच्या वाटेनं जायची, बोलणी खायची, तरी जायची. पुढच्या वर्षात काकींना उरलंसुरलं दिसणंही गेलं. एके दिवशी मी गेले तर तात्या नुसत्या सदऱ्यात बसलेले. इतक्या वर्षांनी त्यांचे दंड बघितले मी, कसे वाळलेले होते. माझी नजर कळली असावी. म्हणाले, आता काढला तरी चालतंय. मला तिथं थांबवेना.

चुना मात्र ते दिवाळीला मारतच राहिले. कशाला, विचारलं, तर म्हणाले की ओल्या चुन्याचा वास आला की तिला बरं वाटतं. आणि एक मोठा बदल झाला. तो मुका माणूस बोलायला लागला. परसातून मला सारखा त्यांचा आवाज यायचा. धाब्यावर कावळा बसलाय बघ. चुलीवर दूध चढाय लागलंय. मी आता उठतूय, आता दाराशी हाय, आता पाणी पितूय. दिवसभराचं सगळं ते तिला सांगायचे. गल्लीतली पोरं आता ह्याची नक्कल करायची. काही म्हणजे काही सोडत नाहीत लोक.

मग त्यांची बारामतीला बदली झाली. सकाळी गाडी दारात आली. सामान ते काय, चार भांडी आणि एक ट्रंक. आमच्याकडं कुणी गाव सोडून निघालं तर सगळी गल्ली दारात येते, बायका हातावर दही देतात, डोळे पुसतात. त्या दिवशी एकही दार उघडलं नाही. मी पोराला घेऊन ओट्यावर आले. माझ्या मागं आमचं दार सासूबाईंनी आतून लावून घेतलं, कडीचा आवाज आला मला. मी उतरून काकींच्या हातावर दही घातलं. त्यांनी माझ्या पोराचं तोंड चाचपलं, नाक, कान, सगळं. मला रडू आलं.

गाडी हलली. बैल हळू चालत होते आणि तात्या काकींच्या शेजारी बसून नेहमीसारखे सांगत होते. मी बाजूनं चालत होते, सगळं ऐकू येत होतं. काकींनी विचारलं, कुणी आलंय का वं भाईर?

"समदी हायत की," तात्या म्हणाले. "दारादारात उभी हायत."

मग बोलत का न्हायत, काकींनी विचारलं. वाईट वाटतंय त्यांना, म्हणून गप हायत, असं तात्यांनी सांगितलं. आणि एकेक घर येईल तसं ते नाव घ्यायला लागले. ही कासाराची म्हातारी, हात वर केलाय तिनं. ही सोनाराची सून, पोरांना घेऊन उभी हाय. काकी प्रत्येक वेळी तिकडं वळून हात जोडत होत्या, आणि तात्या समोर बघत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. शेवटचं घर माझ्या मावससासूबाईंचं, ज्यांनी त्या सवाष्णी काढल्या होत्या. तिथं काकींनी स्वतःच विचारलं, त्या आल्यात का? त्यांचा राग गेला का माझ्यावरचा?

"व्हय," तात्या म्हणाले. "पदर लावलाय डोळ्याला."

काकींचा चेहरा एकदम फुलला. गाडी वळेपर्यंत त्या मागं वळून त्या बंद दाराला हात जोडत राहिल्या.